सादर करण्यापूर्वी : विद्यार्थ्याचा निबंध आणि त्याचे पुनर्वाचन



शासनाच्या कोणत्याही कार्यालयातून बाहेर पडणारे साधे दोन परिच्छेदांचे पत्रसुद्धा सहसा पहिल्या हातचे नसते. लिपिक मसुदा तयार करतो. अधीक्षक त्यात फेरफार सुचवितात. अधिकारी एखादे वाक्य खोडतात, एखादा आकडा पुन्हा तपासून आणावयास सांगतात आणि मगच ते पत्र स्वाक्षरीसाठी ठेवले जाते. मसुद्यावर खाडाखोड झाली म्हणून लिपिकाला कमीपणा वाटत नाही. पंचायतीच्या सभेचे इतिवृत्तही पुढील सभेत वाचून दाखविले जाते आणि मगच कायम होते. भारतीय संविधानाच्या मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या, अशी माहिती मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिली होती. शाळकरी निबंधाला एवढ्या दुरुस्त्यांची गरज नाही, हे उघडच आहे. परंतु ज्या देशात राज्यकारभाराचे मूळ कागदच असे पुनःपुन्हा वाचून सिद्ध झाले, त्या देशातील विद्यार्थी मात्र आपला निबंध एकदाच लिहितो, शेवटच्या वाक्याखाली आडवी रेघ मारतो आणि वही शिक्षकांच्या मेजावर ठेवून मोकळा होतो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

यात विद्यार्थ्याचा दोष थोडा आणि रीतीचा दोष अधिक आहे. निबंधाचा तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा असतो. विषय फळ्यावर लिहिला जातो, मुद्दे सांगितले जातात आणि घंटा होईपर्यंत निबंध पुरा करावयाचा असतो. लिहिणे आणि सादर करणे यांत मध्ये काही असते, हेच मुलाला ठाऊक होत नाही. पुढे शिक्षक ती वह्यांची चळत घरी नेतात, रात्री जागून तांबड्या शाईने चुका दुरुस्त करतात आणि आठवड्याने वही परत येते. मूल गुण पाहते, शेजाऱ्याचे गुण पाहते आणि वही मिटते. तांबड्या शाईतील एकही अक्षर त्याच्या मनात उतरत नाही, कारण ती दुरुस्ती त्याने केलेली नसते. पुढच्या निबंधात तीच चूक त्याच जागी पुन्हा दिसते आणि शिक्षक पुन्हा तांबडी शाई उघडतात. या रीतीत सर्वाधिक लेखनाभ्यास कोणाचा होत असेल, तर तो शिक्षकांचा!

तपासणी हे निबंध लिहिणाराचे काम आहे आणि ते शुद्धलेखनापासून सुरू होत नाही, एवढेच येथे मांडावयाचे आहे. मोघम विधान करून भागणार नाही. तेव्हा एक नमुना समोर ठेवलेला बरा.

एक नमुना

समजा, एखाद्या लहान गावातील नववीच्या मुलीला ‘आमच्या गावातील पाणीपुरवठा’ हा विषय दिला आहे आणि तिने पुढीलप्रमाणे लिहिले आहे :

“पाणी हे जीवन आहे. पाण्याशिवाय माणूस जगू शकत नाहि. आमच्या गावात पाण्याची खुप टंचाई आहे. उन्हाळ्यात तर खूपच टंचाई असते. बायका लांबून पाणी आणतात त्यामुळे त्यांना त्रास होतो आणि मुली शाळेत येत नाहीत व टाकी बांधली आहे पण तिच्यात पाणी येत नाही. सरकारने लक्ष द्यावे. पाणी वाचवा, जीवन वाचवा.”

असे निबंध हजारो वह्यांत सापडतील. नेहमीच्या रीतीने तपासल्यास यात दोनच चुका निघतात : ‘नाहि’ आणि ‘खुप’. त्या दोन ठिकाणी तांबडी शाई लागेल, खाली ‘बरा’ असा शेरा पडेल आणि निबंध जसा होता तसाच राहील. वस्तुतः या उताऱ्यातील खरी उणीव ऱ्हस्व-दीर्घाची नव्हेच.

ही मुलगी एक रात्र मध्ये जाऊ देऊन तोच निबंध दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचावयास बसली, तर तिने प्रथम एकच कसोटी लावावी. हे वाक्य दुसऱ्या कोणत्याही गावातील मुलाने लिहिले असते काय? ‘पाणी हे जीवन आहे’ हे वाक्य कोकणातील मूल लिहील, मराठवाड्यातील लिहील, ज्याच्या अंगणात बारमाही नळ आहे तेही लिहील. तेव्हा ते खोडावे. त्यामागचे वाक्यही खोडावे. शेवटची घोषणा भिंतीवर रंगविण्यास ठीक आहे. निबंधात ती काही सांगत नाही. टंचाईची दोन वाक्ये एकच गोष्ट दोनदा सांगतात. एवढे खोडून झाल्यावर उरते ते मधले लांबलचक, अडखळणारे वाक्य, आणि निबंधाचा जीव नेमका त्याच वाक्यात आहे. मुलीला जे सांगावयाचे होते ते तेथे होते. पण चार सुभाषितांच्या गर्दीत ते दडपले गेले.

आता त्या वाक्याला प्रश्न विचारावयाचे. ‘लांबून’ म्हणजे किती लांबून? पाणी आणावयास किती वेळ लागतो? खेपा किती? कोणत्या महिन्यापासून? ‘मुली शाळेत येत नाहीत’ हे खरे आहे काय? किती मुली? टाकीत पाणी का येत नाही? यांतील काही उत्तरे मुलीच्या घरातच आहेत. ती स्वतः डोक्यावर हंडा घेऊन जात असेल, तर अंतर तिच्या पायांना ठाऊक आहे. काही उत्तरे वर्गाच्या हजेरीपटात आहेत. उरलेली पंचायतीच्या कार्यालयात, किंवा रोज पंप चालू करणाऱ्या कर्मचाऱ्याकडे आहेत.

असेही समजू की मुलीने ही चौकशी केली. तीत एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. मुली शाळेत येत नाहीत, हे विधान खरे नव्हते. हजेरीपटावर त्या उपस्थित होत्या. फक्त पहिल्या तासाला नव्हत्या. दुसरी गोष्ट अशी की, टाकीला पाणी मिळत नाही याचे कारण विहीर आटणे हे नसून पंप नादुरुस्त असणे हे होते. मग तिने उतारा असा लिहिला :

“होळी झाली की आमच्या आळीतील विहीर आटते. तेव्हापासून बायका आणि मुली ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून पाणी आणतात. एका खेपेला पाऊण तास लागतो आणि सकाळी तीन खेपा कराव्या लागतात. पहाटे पाचला निघाले, तरी तिसरा हंडा घरी यावयास सव्वासात होतात. उन्हाळ्यात शाळा सातला भरते. आमच्या वर्गातील अकरा मुलींपैकी चार मुली एप्रिल महिन्यात पहिल्या तासाला नसतात. तो तास गणिताचा आहे. गावात पाण्याची टाकी आहे. परंतु पंप नादुरुस्त झाल्यापासून तिच्यात पाणी चढत नाही.”

दुसरा उतारा पहिल्याहून थोडा लांब आहे, पण त्यात एकही अलंकार नाही, ‘त्रास’ हा शब्दसुद्धा नाही. तरीही त्रास कळतो. ‘सरकारने लक्ष द्यावे’ हे वाक्य गळाले, कारण लक्ष कोणी आणि कशाकडे द्यावयाचे हे आता लिहिणाऱ्या मुलीला कळले आहे. अधिक खोलात शिरावयाचे असेल, तर तिने हंडा आणि कळशी लिटरच्या मापाने मोजून पाहावी. दोन्ही मिळून बावीस लिटर भरली, तर तीन खेपांचे सहासष्ट लिटर झाले. घरात पाच माणसे असली, तर माणशी तेरा लिटरांच्या आसपास. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर हे प्रमाण ठरविले आहे. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की आणखी काही लिहिण्याची आवश्यकता उरत नाही.

पंचायत सदस्यांचा या विषयाशी संबंध काय, असे कोणाला वाटले असेल, तर तो येथे आहे. नववीतील मुलगी वही घेऊन कार्यालयात आली आणि पंप केव्हापासून बंद आहे असे तिने विचारले, तर तिला कोणी पाठविले अशी चौकशी न करता नोंदवही उघडून दाखवावी. प्रश्न विचारणारे मूल तक्रार करीत नाही. आपण लिहिलेले खरे आहे की नाही एवढेच ते पाहत असते. ‘मुली शाळेत येत नाहीत’ असे चुकीचे वाक्य गावाबद्दल लिहिले जाऊन शाळेबाहेर गेले असते, तर ते गावाला अधिक लाजिरवाणे ठरले असते.

कान हा चांगला परीक्षक

आशय तपासून झाल्यावर वाक्ये तपासावयाची आणि हे काम डोळ्यांपेक्षा कानाने चांगले होते. आपणच लिहिलेला मजकूर वाचताना डोळा कागदावरील अक्षरे पाहत नाही; मनात जे होते तेच त्याला कागदावर दिसते. गळलेला शब्द मन भरून काढते, दोनदा पडलेला शब्द एकदाच वाचते. छापखान्यात खिळे जुळविले जात, त्या काळी मूळ प्रत एकाने मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने मुद्रिते पाहावी, अशी प्रथा होती, ती याच कारणाने. विद्यार्थ्यानेही निबंध मोठ्याने वाचावा. जेथे श्वास पुरत नाही, तेथे वाक्य तोडावे. जेथे वाचताना मागे फिरून पुन्हा सुरुवात करावी लागते, तेथे शब्दांची जागा चुकलेली असते.

ऐकणारे कोणी असले तर अधिक चांगले आणि ते शिकलेलेच असले पाहिजे असे मुळीच नाही. ज्या घरात शाळेत जाणारी पहिली पिढी वाढत आहे, त्या घरातील आईला वाचता येत नसेल. परंतु निबंध ऐकून ‘म्हणजे काय ग?’ असे ती जेथे विचारील, ती जागा बहुधा खरोखरच दुरुस्त करण्याजोगी असते. आपले लेकरू वहीत काय लिहिते हे त्या माउलीला प्रथमच ऐकावयास मिळते, हा लाभ वेगळाच.

मराठी वाक्यात काही दोष वारंवार आढळतात. पहिला दोष उभयान्वयी अव्ययांच्या साखळीचा. ‘आणि’, ‘व’, ‘त्यामुळे’, ‘पण’ यांनी पाच वाक्ये एकमेकांना बांधली की कोणते कारण आणि कोणता परिणाम हे कळेनासे होते. दुसरा दोष ‘-ऊन’ प्रत्ययाचा. ‘घरी पोहोचून पाऊस सुरू झाला’ असे विद्यार्थी सहज लिहितो. वाक्याचा अर्थ लावू गेल्यास पाऊसच घरी पोहोचला असे होते. दोन क्रियांचा कर्ता एक नसेल, तेथे ‘पोहोचल्यावर’ असेच लिहावे लागते. तिसरा दोष विशेषणाच्या जागेचा. ‘गळक्या गावातील टाकीची दुरुस्ती’ या शब्दांत गळके कोण, तर गाव! ‘गावातील गळकी टाकी’ असे म्हटले की गाव वाचते. सर्वनामांचाही असाच घोळ होतो. ‘मुलींनी आयांना सांगितले की त्यांना उशीर होतो’ यात उशीर मुलींना होतो की आयांना, हे फक्त लिहिणारीला ठाऊक असते. शब्दयोगी अव्यये तोडून लिहिण्याची सवयही अलीकडे बरीच वाढली आहे. ‘झाडा खाली’, ‘शाळे समोर’ असे लिहिलेले दिसते. ती शब्दाला जोडूनच लिहावयाची असतात.

आणखी एक दोष आहे आणि त्याची जबाबदारी मुलांवर टाकता येणार नाही. ‘वृक्षारोपण करण्यात आले’, ‘स्वच्छता राखण्यात यावी’, ‘उपस्थितांचे स्वागत करण्यात आले’ ही वाक्ये मुलांनी आपल्याकडून उचललेली आहेत. परिपत्रके, फलक, अहवाल यांतून ती शाळेत शिरली. कार्यालयीन कामकाजात कर्ता अध्याहृत ठेवण्याची सोय कधी कधी लागते, हे मान्य करू. परंतु दहावीतील मुलगा सहलीच्या वर्णनात ‘भोजन करण्यात आले’ असे लिहितो, तेव्हा जेवले कोण, असा प्रश्न पडतो. पुनर्वाचनाच्या वेळी ‘करण्यात आले’ दिसेल तेथे थांबावे आणि ‘कोणी?’ असे विचारून कर्ता परत आणावा. ‘सातवीच्या मुलांनी चाळीस रोपे लावली, त्यांतील एकतीस जगली’ या वाक्यात जे आहे, ते ‘वृक्षारोपण करण्यात आले’ यात नाही. ही कसोटी आपल्या अहवालांनाही लावून पाहण्यास हरकत नसावी.

शुद्धलेखन : शेवटी, पण नेटाने

शुद्धलेखन अखेरीस तपासावे असे सांगण्याचा अर्थ ते गौण आहे असा नव्हे. जे वाक्य खोडावयाचे आहे, त्यातील वेलांटी दुरुस्त करण्यात वेळ जाऊ नये, एवढेच त्यामागचे कारण. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेल्या चौदा नियमांना राज्य शासनाने १९६२ मध्ये मान्यता दिली. १९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडून त्यांची संख्या अठरा झाली. ज्यांचा उच्चार होत नाही असे अनुस्वार या नियमांनी काढून टाकले आणि जुन्या पुस्तकांतील ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘करणें’ यांच्या जागी ‘काही’, ‘नाही’, ‘करणे’ ही रूपे रूढ झाली. मागील पिढ्यांना जे अनुस्वार पाठ करावे लागत, त्या मानाने आजच्या विद्यार्थ्याचे ओझे पुष्कळ हलके आहे.

नियमांमागील कारण सांगितले तर मुले ते विसरत नाहीत. ‘महत्त्व’ या शब्दात दोन त का? एक ‘महत्’मधील आणि दुसरा ‘त्व’ या प्रत्ययातील. ‘उज्ज्वल’मध्ये दोन ज का? ‘उत्’मधील त् चा ज् झाला आणि पुढे ‘ज्वल’मधील ज आहेच. ‘विहीर’ लिहिताना ही दीर्घ. पण ‘विहिरीवर’ म्हटले की ऱ्हस्व. तसेच ‘मूल’ आणि ‘मुलाला’, ‘बहीण’ आणि ‘बहिणीला’, ‘गरीब’ आणि ‘गरिबांना’. शब्दाला पुढे प्रत्यय लागला की जोर पुढे सरकतो, हे बोलून पाहिले तरी कळते. याउलट ‘परीक्षा’, ‘पूजा’, ‘शरीरात’ हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आपले दीर्घत्व सोडत नाहीत. ‘कवी’ दीर्घ, परंतु ‘कविसंमेलन’ ऱ्हस्व. ‘बुद्धी’ दीर्घ, परंतु ‘बुद्धिमान’ ऱ्हस्व. ऱ्हस्व-दीर्घाने अर्थही बदलतो. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. शाळेच्या फलकावर ‘बालदीन’ असे लिहिलेले असेल, तर बालकांची दैना साजरी होत आहे असा त्याचा अर्थ होईल. गावातील फलक शुद्ध असणे हेही निबंधाच्या शिक्षणाचेच अंग आहे. ‘सहायक’ किंवा ‘साहाय्यक’ यांऐवजी ‘सहाय्यक’ अशी पाटी कार्यालयाच्या दारावर दहा वर्षे लटकत असेल, तर मुलाला दोष कसा द्यावा?

अठरा नियम एकदम धरून संपूर्ण निबंध तपासू म्हटले तर मूल थकते. प्रत्येकाच्या चुका ठरावीक पाच-सातच असतात. विद्यार्थ्याने वहीच्या शेवटच्या पानावर आपल्या चुकांची नोंद ठेवावी आणि तपासताना फक्त त्याच शोधाव्यात. नोंदीतील एखादी चूक सलग तीन निबंधांत आढळली नाही, की ती खोडून टाकावी. या पानाचा उपयोग व्याकरणाच्या जाड पुस्तकापेक्षा अधिक होतो, कारण ते त्या एका मुलासाठीच तयार झालेले असते.

येथे एका गोष्टीबद्दल शिक्षकांनी जपावे. वऱ्हाडातील मूल घरी ‘मले’ म्हणते, मालवणकडील मूल ‘माका’ म्हणते. निबंधात दोघांनाही ‘मला’ असे लिहावयाचे असते. प्रमाणभाषा सर्वांच्या सोयीची आहे आणि ती प्रत्येक मुलाला आलीच पाहिजे. परंतु ‘मले’ या शब्दावर तांबडी फुली मारून शेजारी ‘अशुद्ध’ असे लिहिले, की मुलाला आपली आईच अशुद्ध बोलते असे वाटू लागते. मग ते लिहिण्याचेच टाळते. १९५२ साली बहिणाबाई चौधरी यांची गाणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, ती त्यांच्या खानदेशी बोलीतच. तिच्यामुळेच तर मराठी वाचकांनी ती डोक्यावर घेतली. निबंधात आजी बोलत असेल, तर तिचे वाक्य तिच्याच बोलीत अवतरणचिन्हांत राहू द्यावे. लेखकाचे निवेदन मात्र प्रमाणभाषेत असावे. कोणता शब्द कोठे शोभतो हे मूल पुनर्वाचनातूनच शिकते. ज्या मुलांची घरची भाषा कोरकू, गोंडी किंवा भिली आहे, त्यांना लिंग आणि वचन यांसाठी एक स्वतंत्र वाचन करू द्यावे. त्यांची चूक आळसाची नसून दुसऱ्या भाषेत लिहिण्याची असते, हे लक्षात ठेवून गुण द्यावेत.

परीक्षेतील दहा मिनिटे

परीक्षेत रात्र मध्ये जाऊ देण्याची सोय नसते. तेथे मिनिटे मोजून काम करावे लागते. राज्य मंडळाने २०२३ च्या दहावी-बारावीच्या परीक्षेत निर्धारित वेळेनंतर दहा मिनिटे वाढवून दिली. ही दहा मिनिटे नवीन मजकूर वाढविण्यात खर्च होतात, असे अनेकदा घडते. ती तपासणीसाठी राखून ठेवण्याची सवय शाळेच्या चाचण्यांतच लावली पाहिजे. परीक्षेच्या सभागृहात ती एकाएकी येत नाही.

या दहा मिनिटांत प्रथम प्रश्न पुन्हा वाचावा. आत्मकथन विचारलेले असता मध्येच ‘ती नदी वाहत होती’ असे तृतीयपुरुषी लिखाण सुरू झालेले आढळते. प्रसंगलेखनाऐवजी सामान्य माहिती भरलेली आढळते. एवढ्या वेळात निबंध पुन्हा लिहिता येणार नाही, पण पुरुष आणि काळ यांची घसरण चार-दोन शब्द बदलून सावरता येते. गळलेला शब्द ओळीखाली काकपद काढून वर लिहावा. चुकलेल्या शब्दावर एकच सरळ आडवी रेघ मारावी. गिरवून काळा केलेला चौकोन परीक्षकाचे लक्ष नको तेथे वेधून घेतो. पाचवीत एकदा दाखवून दिल्या की या गोष्टी जन्मभर उपयोगी पडतात. तरीही त्या कोणी दाखवीत नाही, हे नवल आहे.

इतरांच्या मदतीची मर्यादा

मित्राने वाचून शंका विचारावी, वडील भावाने एखादी चूक दाखवावी. वाक्य मात्र ज्याचे त्यानेच दुरुस्त करावे. मदत या रेषेपलीकडे गेली की निबंध दुसऱ्याचा होतो. बाजारातील तयार निबंधांची पुस्तके जुनीच आहेत. आता मोबाइलवर आणि संगणकावर शुद्धलेखन तपासणारी, इतकेच नव्हे तर संबंध निबंध लिहून देणारी साधने आली आहेत. त्यांचा उपयोग नाही असे म्हणणे खरे ठरणार नाही. ‘परिक्षा’ हा शब्द ती तत्काळ दाखवून देतात. परंतु ‘दिन’ आणि ‘दीन’ हे दोन्ही शब्द कोशात असल्यामुळे तेथे साधन गप्प बसू शकते. आणि तिसरा हंडा सव्वासातला घरी येतो, ही गोष्ट तर कोणत्याही साधनाला ठाऊक नसते. ती त्या मुलीनेच लिहावी लागते. तयार निबंध पुन्हा पुन्हा येतात ते ‘पाणी हे जीवन आहे’ याच वाक्याकडे. ती ओळख शिक्षकांना पुरेशी आहे.

शिक्षकांच्या बाजूने अडचण आहे ती वेळेची. पन्नास वह्या, त्यांतील प्रत्येकीत दोन पाने, आणि शिवाय इतर विषय. म्हणूनच प्रत्येक चूक शिक्षकांनी दुरुस्त करण्याची रीत सोडावी. ज्या ओळीत चूक आहे, त्या ओळीसमोर समासात केवळ एक टिंब द्यावे आणि वही परत करावी. चूक कोणती हे मुलाने शोधावे, न सापडल्यास शेजाऱ्याला विचारावे, तरीही न सापडल्यास शिक्षकांकडे यावे. बहुतेक टिंबे शिक्षकांपर्यंत येतच नाहीत. आशयाविषयी एकच प्रश्न निबंधाखाली लिहावा. ‘छान’ किंवा ‘बरा’ या शेऱ्यापेक्षा ‘टाकीत पाणी का येत नाही?’ हा प्रश्न मुलाला कितीतरी पुढे नेतो. महिन्याला चार निबंध लिहवून घेण्याऐवजी दोनच लिहवून घ्यावेत आणि उरलेले दोन तास त्याच निबंधांच्या पुनर्वाचनाला द्यावेत. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी वहीतील निबंधांची संख्या कमी भरली म्हणून शेरा मारू नये. अन्यथा शिक्षक पुन्हा चार निबंधांकडे वळतील, आणि त्यात त्यांचा दोष असणार नाही.

निबंध सादर करताना पक्क्या प्रतीच्या मागे कच्ची प्रत टाचून द्यावी. कच्च्या प्रतीवरील खाडाखोडीचे गुण कापू नयेत. उलट, दहापैकी दोन गुण त्या खाडाखोडीसाठीच राखून ठेवावेत. पाण्यावरील त्या निबंधाच्या कच्च्या प्रतीत ‘मुली शाळेत येत नाहीत’ हे वाक्य एका रेघेने खोडलेले असेल आणि वर, बारीक अक्षरांत, ‘पहिल्या तासाला नसतात’ असे लिहिलेले असेल. ते दोन गुण तेथे द्यावयाचे.